कर्लीच्या खाडीत मामाबरोबर तीन सकाळी

कार्तिक शुद्ध नवमी

रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरलो, तर मामा फलाटावर आधीच हजर. हातात डब्याची पिशवी. वाटलं, मामीने काहीतरी करून दिलं असेल. पिशवीतून निघालं वेगळंच: लाकडी फळकुटाला गुंडाळलेली जुनी तंगूस, म्हणजे गळाचा दोर, गंजून लाल झालेल्या चार गऱ्या आणि शिशाचे तुकडे.

"मामा, अरे रॉड, रील, आमिष सगळं होडीचा तांडेलच देणार आहे. पैशात धरलंय ते."

"आसांदे," मामा म्हणाला. मालवणी माणसाने 'आसांदे' म्हटलं की विषय संपतो.

मामा अडुसष्टचा आहे. भंगसाळीच्या काठावर वाढला, हाफ पँटीत असल्यापासून गरी टाकतो. मासे धरायला माणूस आणि होडी भाड्याने घ्यायची, ही गोष्ट काही त्याच्या गळी उतरत नव्हती. रिक्षा नेरूरपारच्या पुलावर आली तेव्हा त्याने ती थांबवायला लावली, कठड्यावरून खाली पाणी बघितलं आणि म्हणाला, "मासो धरूचो आपण, आणि पैसे पण आपणच देवचे? मगे तो तांडेल काय करतलो?"

मला तरी कुठे नीट ठाऊक होतं! पुण्यात बसून व्हिडिओ बघून बघून मला एकच वेड लागलं होतं: खाडीतला जिताडा. रायगडात जिताडा, गोव्यात चोणक. देवबागेतून गोवा फार दूर नाही, म्हणून असेल, आमचा तांडेल चोणकच म्हणत होता. मीही तीन दिवस तेच म्हणालो.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माड, घरं आणि एक रस्ता. समुद्राच्या बाजूला धूप थांबवायला काळ्या दगडांचा बंधारा घातलाय. जीभ संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसतं. आम्ही उतरलो ते घर नदीच्या बाजूचं होतं. अंगणातून चार पायऱ्या उतरलं की पाणी.

तांडेल संध्याकाळी भेटायला आला. तिशीतला पोरगा, घर गाबितांचं, मासेमारांचं; बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणारा. दिवसा हा पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो, त्सुनामी आयलंडवर नेऊन सोडतो. पहाटे आमच्यासारख्यांना घेऊन गळाला जातो. त्याने मोबाइल काढून भरतीचं ॲप उघडलं. मामाने डोळे मिटले.

"फाल्या दशमी. दाहे पाऊणे साडेसात. साडेसाताक पुरी भरती."

मी लहानपणी हे ऐकलं होतं आणि साफ विसरलो होतो. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यावर बेतलेला हिशेब. पाऊणकी पाठ असली की झालं.

"काका, ता मुंबयचा गणित," तांडेल हसून म्हणाला. "भरती दक्षिणेसून वर चडत जाता. आमच्याकडे तासभर आदी." ॲपवर सहा चाळीस होते. म्हणजे तासभर वजा केल्यावर मामा आणि ॲप यांच्यात फरक दहा मिनिटांचा. मामाने ते ॲपचंच यश मानलं.

दशमी

साडेपाचला होडीत. फायबरची होडी, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन, प्रत्येकाला लाइफ जॅकेट. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटलेला. नोव्हेंबरात कोकणात थंडी म्हणता येईल अशी हीच काय ती वेळ. तांडेलाने समुद्राकडे न जाता होडी आत, नदीच्या वरच्या अंगाला वळवली. तिवरांच्या आणि कांदळांच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेला इंजिन बंद केलं आणि बांबूच्या काठीने होडी रेटायला लागला.

मला सात फुटी रॉड दिला, रीलवर बारीक विणलेला दोर, त्याच्या टोकाला हातभर लांबीचा जाड, पारदर्शक दोर, म्हणजे लीडर, आणि लीडरला खोटा मासा. लाकडाचा नव्हे, प्लॅस्टिकचा. पोटाखाली दोन तीनतोंडी गऱ्या. हा कांदळाच्या मुळांपासून वीतभर अंतरावर टाकायचा. वीतभर म्हणजे वीतभर. हात दोन हात लांब पडला तर मासा बाहेर येत नाही, आणि वीतभर जास्त गेला तर मुळात अडकतो.

माझा चौथ्या फेकीला अडकला. मुळांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. तांडेल काही न बोलता पाण्यात उतरला, सोडवून घेऊन आला, अंगठ्यावरचं रक्त पँटला पुसलं. त्यानंतर मी जरा जपून, म्हणजे लांबच फेकायला लागलो. ते त्याच्या लक्षात आलं असणारच. तो काही म्हणाला नाही.

दोन तास झाले, काही नाही. नाही म्हणायला केंड होते. खोट्या माशाऐवजी रबरी शेपटी लावून बघितली, तर ती वर आली ती अर्धचंद्राकार कातरलेली, शिंप्याने कापल्यासारखी. एक केंड शेवटी लागलाच. होडीत आल्यावर त्याने पोट फुगवून चेंडू केला आणि दात करकरवत आमच्याकडे बघत राहिला. तांडेलाने पकडीने गरी काढून त्याला पाण्यावर ठेवलं. तो तसाच फुगलेला, पोट वर करून थोडा वेळ वाहत गेला आणि मग एकदम फुस्स होऊन खाली.

या सगळ्यात मामा काय करत होता? मामा होडीच्या मागच्या टोकाला पाठ करून बसला होता. फळकुटावरची तंगूस सोडली होती, गरीला तांडेलाच्या डब्यातलं सुंगट, म्हणजे कोळंबी. साडेआठपर्यंत त्याच्याकडे दोन काळुंदरं आणि एक शिंगाळा. शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागच्या आणि पाठीवरच्या काट्यांत विष असतं, म्हणून तोही पकडीनेच सोडवावा लागला.

"किती पैसे दिलंस ह्या मशिनीचे?" मामाने माझ्या रॉडकडे बोट दाखवून विचारलं.

खरं तर तांडेलाने फोनवरच सांगितलं होतं. अष्टमी-नवमी-दशमीचं पाणी भांगाचं. भरती नावापुरती चढते, ओहोटी नावापुरती उतरते. द्वादशीपासून पुढे पौर्णिमेनंतर दोन दिवसांपर्यंत या, उधाण असतं. पण माझी रजा भांगालाच मंजूर झाली. "पाण्यात जीव नाय, दादा," एवढंच तो परतताना म्हणाला. तीन सकाळींचे बारा हजार ठरले होते. त्यातले चार हजार मी निर्जीव पाण्यात टाकले, हे मामाने दुपारच्या जेवणात दोनदा मोजून दाखवलं. काळुंदरं मात्र तळून झकास झाली होती.

एकादशी

मामाचा कार्तिकी एकादशीचा कडक उपास. पहाटे होडीत बसताना त्याच्याजवळ उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू होते, आणि कपाळावर बुक्का. गरीची पिशवीही होतीच.

"आज खाऊचो नाय," तो मला म्हणाला, "पण धरूक हरकत नसा. खावचा आणि धरूचा येगळा." कुठल्या ग्रंथात आहे ते मी विचारलं नाही.

आज भरती पुरी झाली साडेसाताच्या आत-बाहेर. तांडेलाने तोवर आम्हाला होडीत नुसतं बसवून ठेवलं. मी दोनदा रॉड उचलला, दोनदा त्याने हाताने 'थांबा' केलं. पाणी कांदळांच्या आत, दिसेनासं होईपर्यंत घुसलेलं होतं. सगळा किनारा गप्प. समोरच्या चिप्पीच्या झाडावर एक खंड्या, तोही बसून.

मग कधीतरी, म्हणजे मला काहीच कळलं नाही अशा क्षणी, तांडेल उठला. "सुकती लागली." त्याने बोट दाखवलं तिथे कांदळाचं एक पिकलं पान पाण्यावर होतं. ते इतका वेळ जागच्या जागी गिरक्या घेत होतं, आता सरळ समुद्राकडे निघालं होतं.

झाडीतून एक अरुंद ओहोळ नदीला मिळत होता. तांडेलाने होडी त्याच्या तोंडापासून वीसेक हातांवर धरली. ओहोटीला आतलं पाणी या तोंडातून बाहेर पडतं आणि त्याबरोबर सुंगटं, शेवट्यांची पिल्लं, सगळं बाहेर ओढलं जातं. मोठा मासा कशाला आत धावाधाव करील? तो बाहेर उंबऱ्यावर तोंड करून उभा राहतो आणि ताट पुढ्यात येतं. आपण खोटा मासा ओहोळाच्या आत टाकायचा आणि पाण्यालाच तो बाहेर आणू द्यायचा. रील फिरवायचं ते दोर ढिला पडणार नाही इतपतच.

पहिला झटका बसला तेव्हा मी चक्क लाडू खात होतो, एक हात रॉडवर. रॉड खाली वाकला, रील किरकिरलं आणि तीन सेकंदांत सगळं सैल. दोर परत आला, पुढे काही नव्हतं.

"तांबोशी," तांडेल म्हणाला. "ती घास घेता आणि फाटी फिरान घराक जाता. मुळात गेली की संपला. पयल्या झटक्याक तिका भायर वडूक व्हयी."

त्याने नवा लीडर बांधला. दोर आणि लीडर एकमेकांत विणत अठरा-वीस वेढे, मग थुंकी लावून गाठ आवळली. मग लीडर दोन ओठांत धरून हळूहळू अख्खा ओढून बघितला. "बोटांक कळणा नाय. ओठांक कळता, खय खरचाटलेलो आसा तो." पुढे प्रत्येक माशानंतर तो हे करायचा. मीही करून बघितलं. खारट लागलं, बाकी काही कळलं नाही.

त्या ओहोळाच्या तोंडाशी पुढच्या दीड तासात सात मासे लागले. चार लहान तांबोशा, वीतभराच्या. एक दीड किलोच्या घरातली: तांब्याच्या हंड्याला चिंच लावण्याआधी जो रंग असतो तो रंग, वरच्या जबड्यात कुत्र्यासारखे दोन सुळे. तिने बाहेर आल्यावरही खोटा मासा सोडला नाही, पकडीने जबडा उघडावा लागला. एक कोकर, ताटाएवढा, जो दिसायला एवढासा पण ओढायला बैलासारखा. आणि एक चोणक! किलोभराचा, चांदीचा, पाठ हिरवट, डोळा उजेडात आतून लाल पेटल्यासारखा. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला हात लावू नका, म्हणून तांडेल ओरडला. कड वस्तऱ्यासारखी असते, दोरही कापते, बोटही.

चारही लहान तांबोशा तांडेलाने लगेच पाण्यात सोडल्या. मामा कुरकुरला, पण आपल्याला उपास आहे म्हणून गप्प बसला. चोणकही सोडला. तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला.

"अरे, अरे! येवढो किलोचो मासो परत टाकतंस?"

"पोर हा तो, काका. कोपरापासून बोटांपर्यंत भरलो नाय तर मी घेणय नाय."

"आणि मोठो गावलो तर?"

"मोठो चोणक पण सोडतंय. पाच-सहा किलोच्या वरचो."

"तो कित्याक?"

इथे तांडेलाने जे सांगितलं ते मला नंतर वाचूनही खरंच निघालं. चोणक आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की, मादी होतो. म्हणजे खाडीतले लहान-मध्यम ते बहुतेक बाप्ये, आणि अंडी घालणाऱ्या त्या सगळ्यात मोठ्या. एक मोठी मादी मारली की किती अंडी गेली त्याचा हिशेब नाही. तांबोशीचं वेगळं. ती खाडीत फक्त वाढते, मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडकांत राहायला जाते. म्हणून खाडीत लहानांना हात लावायचा नाही.

मामा हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे ल्हान सोडूचो कारण तो पोर, मोठो सोडूचो कारण ती बायलमाणूस. मगे माणसान खावचा काय, तुजो रॉड?"

"मदलो," तांडेल शांतपणे म्हणाला आणि दीड किलोची तांबोशी बर्फाच्या पेटीत ठेवली.

मधलीवरूनही वाद झालाच. उपास सुटणार द्वादशीला. पण द्वादशीला मामीने घरी तुळशीचं लग्न ठेवलं होतं, त्या दिवशी कुडाळच्या घरात मासा शिरणं शक्य नव्हतं. मामा बराच वेळ पेटीकडे बघत बसला. शेवटी तांडेलच म्हणाला, उद्या दुपारी आमच्याकडे जेवा. आमच्या घरात लगीन पौर्णिमेला.

दुपारी मालवणला चक्कर मारली. जेटीवरून सिंधुदुर्ग समोर दिसतो. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, इतपत शाळेतलं आठवतं. मी तांडेलाला विचारून ठेवलं होतं की किल्ल्याच्या खडकांत गळ टाकायला नेशील का. तो नाही म्हणाला. तो भाग 1987पासून सागरी अभयारण्यात आहे आणि किल्ल्याभोवतीचा पट्टा त्याच्या गाभ्यात. मामाला हे माहीत नव्हतं. "म्हणान थयले मासे येवढे माजलेले," तो म्हणाला आणि तटाखालच्या पाण्याकडे बघत शहाळं प्यायला.

द्वादशी

पाण्यात जीव आला होता. ते माझ्यासारख्यालाही दिसत होतं: जेटीच्या खांबाला पाणी घासून जाताना मागे भोवरे पडत होते. सव्वाआठला भरती पुरी, नऊनंतर सुकती, आणि आज आम्ही आत न जाता नदीच्या तोंडाकडे गेलो. बाहेर समुद्रात मात्र नाही. तोंडावर वाळू साचलेली आहे आणि सुकतीचं पाणी व लाटा तिथे समोरासमोर भिडतात. एक पांढरी रेघ दिसत होती. तांडेल म्हणाला, त्या रेघेपलीकडे आज दहा हजार दिले तरी नाही.

किनाऱ्यावर रापण ओढत होते. पंधरा-वीस माणसं, दोन बाजूंनी दोर खांद्यावर, पाय वाळूत रोवून मागे मागे. तांडेलाने तिकडे बघून हात केला. बाप तिथे होता. "पूर्वी एका रापणीत गाव जेवायचा," तो म्हणाला. मग मोठ्या जाळ्यांच्या पर्सिनेटवाल्यांवर आणि रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांवर त्याने जे काही सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही. एलईडीवर 2017पासून बंदी आहे, हेही त्याच दमात.

बंधाऱ्याचे दगड पाण्यात उतरतात तिथे आम्ही थांबलो. मी तासभर फेकलं, एक बरा कोकर मिळाला. मामाची तंगूस दगडात दोनदा अडकून तुटली, गऱ्या संपल्या. तांडेलाने काही न विचारता आपला रॉड त्याच्या हातात दिला. मामाने घेतला, जसं कोणी आपलं नसलेलं मूल क्षणभर धरायला देतं तसा.

तिसरी फेक. चोणक लागला हे आम्हाला दोरावरून नाही, डोळ्यांनी कळलं. होडीपासून तीसेक हातांवर पाणी फुटलं आणि तो अख्खा बाहेर आला, तोंड उघडं, डोकं झाडत, कल्ले लाल दिसतील इतके फाकलेले. मामाच्या मांडीएवढा. पाण्यावर पडला त्याचा आवाज दगडांवरून परत आला.

"वडू नकात! जाव दे तेका, काका, जाव दे!"

मामा ओढत नव्हता. मामा नुसता धरून होता, दोन्ही हात पांढरे पडलेले. रीलचा दोर जात होता, जात होता. दुसरी उडी. तांडेल इंजिन चालू करून होडी दगडांपासून बाहेर घ्यायला बघत होता, पण मासा त्याच्या आधी वळला. दोर दगडांकडे तिरका गेला. सतारीची तार खरवडावी तसा रॉडमध्ये एक थरकाप आला. आणि मग रॉड सरळ झाला.

कोणी काही बोललं नाही. मामाने रील फिरवून दोर आत घेतला. लीडर अर्धा राहिला होता, टोक केसाळ, पांढरं. तांडेलाने ते हातात घेतलं, सवयीने ओठांकडे नेलं आणि मध्येच थांबून खिशात टाकलं.

"आठ किलो खयच गेलो नाय," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "मादीच."

मामा मान हलवत राहिला. परतताना त्याने एकदाही पाण्याकडे बघितलं नाही.

दुपारी तांडेलाच्या घरी तांबोशीचं कालवण होतं. त्रिफळं घातलेलं, वर खोबऱ्याच्या रसाचा लाल थर, बरोबर उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. त्याच्या आईने डोक्याचा तुकडा मामाला वाढला. मामाने तो इतक्या सावकाश, इतक्या शिस्तीत खाल्ला की ताटात उरलेली हाडं पुन्हा जोडता आली असती. तीनदा भात घेतला.

कुडाळच्या रिक्षेत बसलो आणि मामीचा फोन आला. लग्नाला वेळेवर पोहोच, ऊस आणलास का, चिंचा-आवळे आहेत का, हे सगळं मला शेजारी ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, तीन दिवस पैसे घालवलेत, गावलो काय?

"गावलो हुतो," मामा म्हणाला. "आठ किलोचो चोणक."

तिकडून काहीतरी मोठं आलं.

"नाय, हाडूक नाय. सोडलंय तेका." मामाने माझ्याकडे न बघता फोन दुसऱ्या कानाला लावला. "मादी हुती ती. मोठी मादी मारूची नसता."